आखरातला दगड

एका दगडाचा फोटो मी आजवर कुठकुठल्या शहरांत, कुठकुठल्या देशांत पडद्यावर दाखवला आहे. त्या दगडावर बोलून मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, थोडंफार नाव मिळालं. पण त्याच्याबद्दलची एक गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्या माझ्या बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर असलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आणि सांगायला बसलो की मी नेहमी भलतीकडूनच सुरू करतो. आजही तसंच होणार.

मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यातलं आकडेमोडीचं अंग माझ्याकडे असतं. आमच्या धंद्यात फिरून फिरून प्रश्न एकच — जे झालं ते कशामुळे झालं? गावात बस आली आणि बायका बाहेर कामाला जायला लागल्या. मग त्या बसमुळे गेल्या, की जायच्याच होत्या म्हणून बस आली? ऐकायला पोरखेळ वाटतो, पण ह्यावर माणसांची हयात जाते. माझी गेलीच. औषधाचा प्रयोग करतात तसा माणसांच्या पोटापाण्यावर करता येत नाही. एखाद्या गावाची बस मुद्दाम बंद पाडून, बघू या आता काय होतं, असं म्हणायची सोय नाही. म्हणून आम्ही अपघाताची वाट बघत बसतो. पूर आला, पूल वाहून गेला, ह्या गावाची बस बंद झाली, त्या गावाची चालू राहिली — असं काही सापडलं की आम्ही हरखतो. अट एवढीच, की त्या घटनेमागे कुणाचा हेतू नसावा.

हे वाक्य मी दर वर्षी वर्गात बोलतो, आणि बोलताना खिडकीबाहेर बघतो.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातलं. मालेगावहून मेडशीकडे निघालं की मध्ये एक फाटा लागतो, तिथून आत. फाट्यावरून गावाकडे येणारा रस्ता अजून माझ्या स्वप्नात येतो — दोन्हीकडे तूर, फुलावर आलेली, आणि तिच्या डोक्यावरून सरकत जाणारं बसचं लाल टप. चाकं दिसत नाहीत, आवाज येत नाही, नुसतं लाल टप पिवळ्यावरून तरंगत जातं. स्वप्नात ती बस गावात शिरते, आखरात येते आणि वळायला लागते. वळतच राहते. मागच्या खिडकीत माझी ताई बसलेली असते. ती माझ्याकडे बघत नाही. मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते चाचपत असते. बस पुन्हा वळते, ती पुन्हा समोर येते. मला हात करायचा असतो, पण माझे हात मागे बांधल्यासारखे असतात.

आखर म्हणजे आमच्याकडे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी गुरं तिथे गोळा होतात, मग चरायला निघतात. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला घरं. एवढ्या मोठ्या गाडीला वळायला गावात तीच काय ती जागा. आणि पोळाही तिथेच भरतो. दोन उंच खांब रोवायचे, त्यांच्यामध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखाली सजवलेले बैल ओळीनं उभे करायचे. खांब हलू नयेत म्हणून बुडाशी मोठाले दगड लावतात. दुसऱ्या दिवशी खांब उपटतात आणि दगड ढकलून देतात नाल्याकडे. बस ह्या दोन दिवसांत येत नाही, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

एका वर्षी एक दगड ढकलायचा राहिला. आखराच्या ऐन मध्यात. आणि त्याला शेंदूर लागलेला दिसला.

पुढचं आमच्या भागातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. संध्याकाळी एका म्हातारीनं त्याच्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. सकाळी कुणी नारळ फोडला. बस आली तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला, दगडाकडे पाहिलं, चपला काढून हात जोडले, आणि गाडी उलटी घेत घेत पार फाट्यापर्यंत नेली. पुन्हा काही तो आत आला नाही. दगड उचलून बाजूला ठेवू, असं म्हणणारे दोघंतिघं निघाले, पण हात कोण लावणार? ज्यांच्या मनातून बस नकोच होती — घरातल्या लेकीसुना रोज सकाळी नटून फाट्याबाहेर जातात हे ज्यांना खुपत होतं — त्यांना तर आयता देवच मिळाला. आखरबुवा म्हणायला लागले. पुढे त्याच्यावर टिनाचं छत आलं, मग ओटा, मग एका सरपंचानं 'श्री आखरेश्वर' अशी पाटी लावली. बुवाचा ईश्वर झाला. बढती फक्त मलाच मिळाली असं नाही.

बघा, मी थट्टा करायला लागलो. हे असं होतं.

माझी ताई — कुंदाताई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी — त्या बसनं मालेगावला जायची. तिथे एका वर्कशॉपमध्ये शाळेचे गणवेश शिवत. गावातल्या आणखी काही जणी तिच्याच नादानं जायला लागल्या होत्या. शर्टाची कॉलर बसवण्यात ताईचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. कॉलरचं टोक असं निघायचं की घडी करून ठेवलेला शर्टसुद्धा ताठ मानेनं बसलाय असं वाटावं. दिवाळीनंतर तिला कटिंगवर घेणार होते. कापड कापणं म्हणजे तिथे मोठा मान, त्या कामावर तोवर फक्त पुरुष असायचे. ती हे आईला सांगत होती तेव्हा मी ओसरीवर होतो. तिचा आवाज हळू होता, पण हसू काही केल्या लपत नव्हतं.

बस फाट्यावर थांबायला लागली आणि एकेकीचं जाणं सुटलं. सकाळच्या अंधुक उजेडात तुरीतून एवढं चालत जायचं? — घरोघरी नाही म्हणाले. ताई काही दिवस एकटी गेली. मग तीही राहिली.

आता नाल्यापलीकडचं गाव घ्या. तेवढंच मोठं, तसंच सोयाबीन आणि तूर पिकवणारं, तिथेही बस जायची, तिथूनही बायका मालेगावला जायच्या. त्यांची बस चालू राहिली, त्यांच्या बायका जात राहिल्या. दोन सारखी गावं. फरक एका दगडाचा.

तुम्हाला कळलंच असेल, माझ्यासारख्याला हे किती गोड लागेल. मी तेव्हा पुण्याहून पुढे शिकायला दिल्लीला गेलो होतो, प्रबंधाला विषय मिळत नव्हता. एकदा कॅन्टीनमध्ये माझ्या मार्गदर्शक बाईंना मी आमच्या गावच्या बुवाची गोष्ट हसण्यासारखी म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, हे तू लिहीत का नाहीस? — आणि मी लिहिलं. गावोगाव मुलं पाठवली, घराघरात विचारपूस झाली, कोण कामाला जात होतं, कोण सुटलं, कधी सुटलं. निबंध छापून आला. त्यातलं एक वाक्य लोक अजून उचलतात: सणाच्या नेहमीच्या विधीतून, कोणत्याही हेतूविना, एक दगड जागेवर राहून गेला. आमच्या वर्तुळात मला लाडानं दगडवाला म्हणतात. मी मान तुकवून घेतो.

फार वर्षांनी एका व्याख्यानात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिचा प्रश्न साधाच होता. सर, दगड राहून गेला हे समजलं, पण त्याला शेंदूर कुणी लावला?

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. म्हणालो, आमच्याकडे दगडाला शेंदूर लागायला कुणी लागत नाही, तो आपोआप लागतो. टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली, पण तिचा चेहरा तसाच राहिला. त्या दिवशी हॉटेलच्या खोलीत मी किती वेळ हात धूत होतो. कशासाठी, ते तुम्हाला सांगतो. सांगायलाच बसलोय.

त्या वर्षी मी वाशिमहून बी.ए. करून पुण्यात एम.ए.ला गेलो होतो. पुण्याचे दोन महिने म्हणजे मला कुणीतरी भरपूर उजेडात नेऊन ठेवल्यासारखे होते. पोळ्याला घरी आलो. आबांना — आमच्या वडिलांना — आदल्या वर्षी लकवा झाला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. दिवसा आई शेतात, ताई मालेगावला, आणि आबांजवळ शेजारची काकू बसायची. ती काकू आता तिच्या मुलाकडे अकोल्याला कायमची चालली होती. पोळ्याच्या दिवशीच, पुरणाचं ताट पुढे ठेवताना, आई मला म्हणाली, "कुंदीचं काम आताशी कुठं मार्गी लागून राह्यलं. तू राय घरी सालभर. आबाजवळ कोणी पाह्यजे ना. पुणं कुठं पळून जात नाही."

सालभर. आई चुकीचं काही बोलली नव्हती. ताई जेवायची थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याचं शिक्षण हाय, माय. काहीतरी पाहू." पण काय पाहणार, हे तिलाही माहीत नव्हतं. मी जेवत राहिलो. त्या घासागणिक माझ्यापुढे एकच दिसत होतं — आबांची बाज, बाजेखालचं भांडं, आणि मी. मला आबांची शिसारी येत होती. सांगितलं एकदाचं. मला माझ्या बापाची शिसारी येत होती, आणि जे ताई रोज कामावरून आल्यावर करायची ते दिवसभर करण्याची कल्पनाही मला नकोशी होती.

दुसरा दिवस पोळ्याची कर. करीला आमच्याकडे मटण होतं, दुपारी सगळं गाव तट्ट जेवून निजतं. मी जागा होतो. ती दुपार मला अजून धुक्यातून पाहिल्यासारखी आठवते, खरं तर चांगलं ऊन होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घरोघरच्या ओसऱ्यांवर माणसं आडवी, तोंडं उघडी. बैल झाडाखाली बसलेले, शिंगांवरचा रंग ऊन लागून चमकणारा. मी आखरात गेलो. खांब सकाळीच उपटले होते, दगड नाल्याच्या काठाला गेले होते. त्यातला एक मी पुन्हा लोटत लोटत मध्यावर आणला. जड होता, पण येत गेला. मग घरी आलो, गोठ्याच्या कोनाड्यातून वाटी घेतली — बैलांची शिंगं रंगवून उरलेला, तेलात कालवलेला शेंदूर होता तिच्यात — आणि परत गेलो. बोटानं लावला. आधी एक टिळा लावला. तेवढ्यानं भागलं असतं का? नसतं. मग सगळा लावला. हळूहळू, सगळ्या बाजूंनी, डोळ्यांची जागा सोडून. कुणीतरी दुसराच लावतोय आणि मी नाल्यापलीकडून बघतोय असं वाटत होतं. पण बोटं माझी होती. ती नाल्यात धुतली, तरी नखांच्या कडांना रंग कितीतरी दिवस राहिला, पुण्याला पोचलो तरी होता.

कारण मी पुण्याला गेलो. बस बंद झाली, ताईचं जाणं सुटलं, आबांजवळ माणूस झालं. माझं सालभर राहणं कुणी पुन्हा काढलं नाही. फाट्यापर्यंत माझी पेटी ताईनंच डोक्यावर घेतली होती.

ही झाली एक गोष्ट. पण मी तिथे थांबलो असतो तर एक वेळ — नाही, एक वेळसुद्धा नाही. पोरवय होतं असं म्हणता येतं, पण प्रबंध लिहिताना माझं पोरवय नव्हतं. हेतूविना, हा शब्द मी शुद्धीवर असताना लिहिला. आणि एवढंच नाही. बस बंद झाल्यावर दोन वर्षांनी आखरातून काळीपिवळी जीप सुरू झाली होती, थेट मालेगावपर्यंत. जीपला वळायला दगड आड येत नाही. बायकांनी ठरवलं असतं तर जाता आलं असतं, पण तोवर घराघरानं बायका घरी असण्याची सवय करून घेतली होती. ताईला तर आबांपासून उठताच येत नव्हतं. म्हणजे बायका घरी राहिल्या त्या बस नव्हती म्हणून नव्हे. घरच्यांना त्या घरी हव्या होत्या म्हणून. दगड फक्त निमित्त झाला. माझ्या निबंधाचा पायाच खोटा, हे मला पहिल्या पानापासून माहीत होतं. जीपचा उल्लेख मी गाळला. ज्या गोष्टीवर मी कार्यकारणाचा जाणकार म्हणून मिरवलो, तिचं कारण घरी आरशात दिसत होतं.

त्या निबंधाच्या आधारानं पुढे कुठे कुठे बस सुरू झाल्या म्हणतात. बस सुरू होणं वाईट नाही — पण हे मी का सांगतोय? सोडा.

आबा आणखी पुष्कळ वर्षं जगले. ताईनं त्यांना एकही जखम होऊ दिली नाही. ते गेले तेव्हा तिच्या लग्नाचं बोलणं काढायचं वय सरलं होतं. अनसिंगचं एक स्थळ आलं होतं, बिजवराचं, तेही फिसकटलं. पुढे आई गेली. आता घरात ती एकटी असते, शेत बटाईनं दिलेलं आहे. मी पैसे पाठवतो, ती त्यातलं बरंचसं माझ्या मुलींसाठी ठेवते. जुन्या मशीनवर अजून शिवते. गावातले ब्लाउज, परकर, आणि दर पोळ्याला आखरेश्वराचं वस्त्र.

दगडाला वस्त्र ते काय, नुसतं कापड गुंडाळलं तरी चालतं. पण ती त्याला मापानं शिवते. मानेशी, म्हणजे जिथे मान असती तिथे, छोटीशी उभी पट्टी बसवते, टोक अगदी सरळ. ती कॉलर मी ओळखतो.

गेल्या पोळ्याला मी गेलो होतो. बऱ्याच वर्षांनी गेलो. बैल थोडेच राहिलेत, ट्रॅक्टरच जास्त, पण तोरण बांधलं होतं. बैल घरी गेल्यावर ताई मला आखरात घेऊन गेली. आभाळ दाटून आलेलं, नाल्याकडून ओल्या गवताचा वास येत होता. छताखाली बसून तिनं दगडावरचं जुनं वस्त्र उतरवलं, ओल्या फडक्यानं त्याला पुसलं. तिचे केस पांढरे झालेत. मी उभा होतो. आज सांगू, असं मी फाट्यापासून मनाशी घोकत आलो होतो. शब्दसुद्धा ठरवले होते, ताई, तो दगड — एवढे.

ती पुसता पुसता म्हणाली, "सुरुवातीले लय राग ये मले ह्याचा. रोज येऊन म्हणे, सरक ना बाबा बाजूले, मायी बस येऊ दे. मंग तुयी चिठ्ठी आली दिल्लीहून, नंबर आला म्हणून. तवा ध्यानात आलं. ह्यानं मले बसीतून उतरवलं ते तुले बसवासाठीच. त्याच्या मनात व्हतं ते. तवापासून राग नाही."

मी चपला काढून छताखाली आलो.

तिनं शेंदराची वाटी माझ्यापुढे धरली. "ह्या खेपेले तू लाव. तुयंच भलं केलं त्यानं."

मी खाली बसलो. बोट बुडवलं. तेल तेच असावं, जवसाचं, तोच वास आला. मी लावत गेलो, वरून खाली, मग बाजूंनी, डोळ्यांची जागा सोडून. हात कुठेच अडला नाही. ताई थोडी मागे सरून, मान एका बाजूला करून बघत होती. कॉलर बसवून झाल्यावर ती शर्टाकडे अशीच बघत असे.

"चांगलं वळण हाय रे तुया हाताले," ती म्हणाली. "पयल्यांदा लावून राह्यला असं वाटतच नाही."

"पयल्यांदाच," मी म्हटलं.